मले काई झालं नाई

माझ्या भाचीचं लग्न अकोल्याला होतं आणि ते लावायचं होतं माझ्या नवऱ्याने. आम्ही अमरावतीला राहतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, ते पौरोहित्य करतात. शाळेत माझी भाषा वेगळी असते, पण घरी आम्ही दोघंही वऱ्हाडीच बोलतो. बसने जाऊ असं मी म्हटलं होतं. पण परतताना त्यांना मूर्तिजापूरला एक वास्तुशांती करायची होती, म्हणून मोटारसायकल काढली. हेल्मेट त्यांनी घातलं होतं, पट्टा मात्र लावला नव्हता. गळ्याला काचतो म्हणे.

सकाळची वेळ होती, थंडी होती. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूसभर उंचीची तूर उभी होती. त्या तुरीतून रोही निघाला. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे वावरांत त्यांचे कळप असतात आणि ते डावं-उजवं न बघता रस्ता ओलांडतात. मला त्याची राखाडी पाठ दिसली, ब्रेकचा आवाज आला, आणि पुढच्या क्षणी मी रस्त्याकडेच्या मुरमावर पालथी पडले होते. डावं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं. रोही उठला आणि पलीकडच्या वावरात पळून गेला. यांचं हेल्मेट डांबरावरून गडगडत दूर जाऊन थांबलं.

मी उठायच्या आधी ते उठून बसले होते.

"तुले लागलं काय?" त्यांनी विचारलं.

"मनगट गेलं वाटते. तुमाले?"

"मले काई झालं नाई."

खरंच तसं दिसत होतं. डाव्या कानाच्या वर थोडं खरचटलेलं, रक्ताची बारीक रेघ, बस. ते उभे राहिले, कपडे झटकले आणि गाडी उचलायला गेले. तेवढ्यात मागून एक छोटा टेम्पो येऊन थांबला. नांदगाव खंडेश्वरकडचं शेतकरी जोडपं होतं, झेंडू आणि शेवंती घेऊन अकोल्याच्या बाजारात निघालेलं. बाई पाण्याची बाटली घेऊन धावत आली, तिचा नवरा गाडीला हात लावायला गेला. यांनी दोघांना नमस्कार केला, भाचीचं लग्न आहे, मुहूर्त गाठायचा आहे वगैरे सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"तुले लागलं काय?"

मी पुन्हा मनगट दाखवलं. ते बरं म्हणाले, गाडीचं हँडल सरळ करू लागले, आणि क्षणभराने अगदी त्याच स्वरात त्यांनी विचारलं, "तुले लागलं काय?"

तोच प्रश्न, तिसऱ्यांदा.

त्याच हिवाळ्यात आमच्या शाळेत अपघातानंतरच्या मदतीचं प्रशिक्षण झालं होतं. शिकवायला आलेल्या डॉक्टरांनी जखमी माणूस म्हणून मलाच सतरंजीवर झोपवलं होतं. सगळा स्टाफ हसत होता. माझं डोकं कसं धरायचं, मला कुशीवर वळवताना मान आणि पाठ एका रेषेत कशी ठेवायची, हे त्यांनी माझ्यावर करून दाखवलं होतं. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली होती. डोक्याला मार लागलेला माणूस उठतो, बोलतो, चहासुद्धा पितो, आणि सगळे म्हणतात वाचला. पण कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत असतं. तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, त्याला उलटी झाली, झोप येऊ लागली, तर थांबायचं नाही.

"गाडी सोडा," मी म्हटलं. "खाली झोपा."

"काहून?"

"डोक्याले मार लागला हाय तुमच्या."

"अवं, मले काई झालं नाई म्हणतो ना. मुहूर्त चुकून राहिला तिकडे."

भर रस्त्यात आमचं भांडण जुंपलं. एव्हाना दोन-चार मोटारसायकलींवरची माणसं जमली होती आणि सगळी त्यांच्याच बाजूने बोलत होती. महाराज तर ठणठणीत आहेत, चहा पाजा, घरी न्या. कुणीतरी कांदा फोडून हुंगवा म्हणालं. मी वर्गात ज्या आवाजात मुलांना गप्प करते त्या आवाजात म्हणाले, "कोणीही त्यांना पाणी देऊ नका, चहा देऊ नका. एकाने रुग्णवाहिका बोलवा." माझा आवाज इतका स्थिर कसा निघाला, हे मला अजून कळलेलं नाही.

टेम्पोवाल्याने लगेच फोन लावला. त्याच्या बायकोने फुलांवरचं गोणपाट ओढून रस्त्याकडेला अंथरलं आणि यांच्यासमोर उभी राहिली.

"महाराज, बाई इतक्या म्हणून राहिल्या तं आयका ना. लगन काई पयून नाई जात."

तिचं त्यांनी ऐकलं. कुरकुरत आडवे झाले. मी त्यांच्या डोक्यामागे गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळव्यांमध्ये डोकं धरलं. मनगटातून कळा येत होत्या, पण त्या जणू दुसऱ्या कुणाच्या हातातल्या होत्या. मी त्यांच्याशी बोलत राहिले. उत्तरं हळूहळू लांबत गेली. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले, आणि उलटी येणार हे मला कळलं.

"वळवायचं हाय," मी त्या दोघांना म्हटलं. "एकानं खांदा धरा, एकानं कंबर. मी म्हणीन तवाच. मान वाकडी नाई झाली पाह्यजे."

मी म्हटलं आणि तिघांनी मिळून त्यांना एकसंध कुशीवर वळवलं, ओंडका वळवावा तसं. त्याच क्षणी उलटी झाली. सगळी बाहेर पडली, श्वासात काही अडकलं नाही. मला खरं सांगायचं तर त्या वेळी भीती वाटलीच नाही. अंगातला कणन् कण जागा झाला होता. जमलं, हे जमलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. भीती नंतर आली, रुग्णवाहिकेत. तिथे मी नाव घेऊन हाका मारत होते आणि ते उत्तर देत नव्हते. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसू लागली होती.

अकोल्याच्या दवाखान्यात गेल्या गेल्या स्कॅन झाला. मेंदूच्या सर्जन एक तरुण बाई होत्या. त्यांनी चित्र उजेडासमोर धरून मला दाखवलं. कवटीच्या आतल्या बाजूला, डावीकडे, भिंगासारखा फुगलेला पांढरा डाग.

"हे रक्त कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये साचलंय," त्या म्हणाल्या. "ते मेंदूला दाबतंय. पण मेंदू फारसा जखमी दिसत नाही. रक्त काढून त्याला जागा करून द्यायची आहे. वेळेत आणलंत तुम्ही."

मी सही केली. तेवढ्यात निरोप मिळून माझा भाऊ, नवरीचा बाप, धावत आला. अंगावर नवा सदरा, कपाळाला गंध, हातांना हळद. मला बघून त्याला रडू फुटलं.

"तू परत जाय," मी म्हटलं. "दुसरे गुरुजी पाय आणि पोरीचं लग्न लाव. इथं तुह्यं काई काम नाई."

"अन् तू एकटी?"

"माह्यं मनगट बांधून राहिले न ते. मी कुठं जातो?"

तो गेला. दुपारी तिकडे अक्षता पडल्या, इकडे शस्त्रक्रिया आटोपली. सर्जन बाई बाहेर आल्या, त्यांच्या डोळ्यांतच मला उत्तर दिसलं. मी त्यांचे दोन्ही हात एका हाताने घट्ट धरले. दुसरा प्लास्टरमध्ये होता.

ते शुद्धीवर आले, मला ओळखलं, बोटं दाबली. मग तोंड उघडलं आणि म्हणाले, "समिधा."

होमाच्या समिधा असतील डोक्यात, मला वाटलं. पण त्यांना पाणी हवं होतं. पाण्याला समिधा, उशीला समिधा, मलाही समिधा. आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळत होतं आणि ते चिडून पलंगाच्या कडेवर मूठ आपटत होते. सर्जन बाईंनी समजावलं की भाषा बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला राहते, आणि दाब नेमका तिथे पडला होता. सूज उतरेल तसे शब्द येतील. किती येतील, ते आज सांगता येणार नाही.

मी हादरले. ज्याचं सगळं जगणं शब्दांवर, त्याच्याकडे एकच शब्द उरला होता.

एका सकाळी मी त्यांच्या उशाशी बसले होते. लग्न झाल्यापासूनची माझी सवय, सकाळी चहा देताना त्यांना विचारायचं, आज नक्षत्र कोणतं. सवयीने विचारून गेले आणि जीभ चावली. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. सावरायला म्हणून मीच बोटांवर मोजू लागले. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग... आणि पुढचं मला आठवेना.

"आर्द्रा," ते म्हणाले.

मी वळून बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा..."

ते थांबलेच नाहीत. थेट रेवतीपर्यंत गेले, एकही नक्षत्र न गाळता, त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात. शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक वळून बघू लागले. मी प्लास्टरचा हात सांभाळत वऱ्हांड्यातून जवळजवळ पळत सर्जन बाईंना शोधत गेले. त्या आल्या, आणि त्यांच्यासमोरही सगळी नक्षत्रं झाली. मग त्यांनी पेला दाखवून विचारलं, हे काय? ते आनंदाने म्हणाले, "समिधा."

दुसऱ्या दिवसापासून वाचा सुधारणाऱ्या एक मॅडम येऊ लागल्या. त्यांनी सांगितलं की पाठांतर आणि बोलणं यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या असतात. लहानपणापासून घोकलेलं पुष्कळदा शाबूत राहतं, पण तेवढ्यावर बोलणं परत आलं असं समजायचं नाही. "मात्र ही उघडी वाट आपल्या कामाची आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी यांना नक्षत्रं म्हणायला लावली आणि हस्ताशी अडवलं.

"हस्त," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःचा पंजा वर केला. "हस्त म्हणजे?"

यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ओठ हलले. माझ्या जिभेवर शब्द आला होता, मॅडमनी नजरेनेच मला गप्प केलं. त्यांनी शोधावा, आपण हातात द्यायचा नाही. तो वेळ मला फार मोठा वाटला.

"हा..." ते म्हणाले. "हात."

मी तोंडावर पदर धरला. त्यांनी आपला हात वर केला, उलटसुलट बघितला आणि पुन्हा म्हणाले, हात. मग माझ्या प्लास्टरकडे बोट केलं. "हात." चित्रा नक्षत्रावरून चित्र आलं, मूळवरून झाडाचं मूळ आणि मुळा. अमरावतीला परतलो तेव्हा त्यांच्याकडे मूठभर शब्द होते, आणि समिधा फक्त दमल्यावर यायची.

घरी आल्यावर नवीनच लढाई सुरू झाली. वर्गात मी मेंदूचा धडा शिकवला होता, मोठा मेंदू, लहान मेंदू, भागांना नावं द्या. आता तो माझ्या स्वयंपाकघरात वावरत होता. डोक्यावरचे केस वाढून व्रण झाकला गेला आणि भेटायला येणारे म्हणू लागले, झाले की बरे. पण कुकरची शिट्टी झाली की ते कान दाबून घेत. दोन माणसं एकदम बोलली की उठून जात. कधी नुसतं मीठ कमी म्हणून ताट ढकलत. त्यांचा स्वभाव असा नव्हता. मी एकदा रडत मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, त्यांचा राग तुमच्यावर नाही, त्यांचा मेंदू फार लवकर थकतोय; मोडलेल्या पायाला धाव म्हणतो का आपण? तेव्हापासून घरात एका वेळी एकानेच बोलायचं, टीव्ही बंद, दुपारची झोप ठरलेली. राग कमी झाला. माझाही.

टेम्पोवालं जोडपं शेवंतीची टोपली घेऊन भेटायला आलं. यांना त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं. ओळखीचा धागा लागेना म्हणून ते अवघडून बसले होते.

"तुमी तं बाईसंगं भांडून राहिले व्हते, महाराज," टेम्पोवाल्याची बायको म्हणाली. "झोपाले तयारच नाई."

"मी... काय म्हणलो?"

"मले काई झालं नाई, मले काई झालं नाई. टेप लावली व्हती तुमी."

ते तिच्याकडे बघून हसू लागले. अपघातानंतरचं ते त्यांचं पहिलं खळखळून हसू. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आम्ही सगळेच हसलो.

गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती, एकट्याने बाहेर जायला मात्र हळूहळू परवानगी दिली. आधी कोपऱ्यापर्यंत, मग देवळापर्यंत. उन्हाळ्यात एके दिवशी मी शाळेतून आले तर घराला कुलूप. फोन लागेना. मी देवळात जाऊन आले, शेजारी विचारलं, भावाला फोन करणार इतक्यात ते फाटक उघडून आत आले. घामाने निथळत होते आणि चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं.

"मोझरीले गेलो होतो," ते म्हणाले. "एसटीनं."

गुरुकुंज मोझरीला, एकटे, दोन वेळा बस पकडून. मला ओरडावंसं वाटलं. पण ते चप्पल काढता काढताच सांगू लागले होते. बसमध्ये खिडकीपाशी जागा कशी मिळाली, शेजारच्या आजोबांनी संत्रं सोलून दिलं, आश्रमात प्रार्थना चालू होती तिथे ते मागे बसले, गर्दी होती तरी डोकं दुखलं नाही. मधेच शब्द अडायचा. ते थांबायचे, हवेत बोटांनी काहीतरी चाचपायचे, दुसरा शब्द घ्यायचे आणि पुढे जायचे. खंजिरीला "ते वाजवाचं, गोल" म्हणाले. कंडक्टरला यजमान म्हणाले, स्वतःच चूक पकडली आणि हसले. इतकं सलग ते अपघातानंतर कधीच बोलले नव्हते.

मी भाकरी टाकायला घेतली. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन पाटावर बसले आणि बोलतच राहिले. परतताना बस अर्ध्या रस्त्यात बंद पडली होती, ती गोष्ट आता सुरू झाली होती. तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली. मी ती काढली, दुसरी थापली आणि विचारलं, "मंग? मंग काय केलं तुमी?"