बाबांच्या गप्प बसण्याची कारणं

मी बारावीला मानसशास्त्र शिकवते. माणूस असं का वागतो, याची चार-पाच उत्तरं झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण त्या सगळ्या उत्तरांना माझ्या बाबांनी पाणी पाजलं.

आई गेल्यावर त्यांना राजुऱ्याजवळच्या खाणीच्या कॉलनीतून गडचिरोलीला माझ्याकडे आणलं. उभा जन्म कोळशाच्या खाणीत काढलेला, दिलखुलास बोलणारा माणूस. इथे आला आणि गप्प झाला. काही विचारलं की नुसते बघायचे, नाहीतर भलतंच बोलायचे. ‘भाजी कोणती करू?’ म्हटलं तर ‘हो, बरा आहो मी.’ आजोबांचंही असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी ते पोटच्या पोरांनाही ओळखेनासे झाले.

मग मी शिकवते ते सगळं घरात वापरलं. बक्षीस मिळतं ते वागणं वाढतं, असं वर्तनवाद म्हणतो. बाबा दोन शब्द बोलले की मी गोड चहा पुढे करायची. चहा वाढला, बोलणं तेवढंच राहिलं. मनोविश्लेषण बालपणात शिरायला सांगतं. मी बालपणाचा विषय काढला तर ते उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. माणसाला मान आणि मोकळीक द्या, असं मानवतावादी सांगतात, म्हणून बाजार त्यांच्यावर सोपवला. सांबार, म्हणजे कोथिंबीर, सांगितला तर पालक घेऊन आले. त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडले, कारण आता स्मृतीचाच धडा उरला होता.

हे सगळं मी समुपदेशनाच्या वर्गात शिकवल्याप्रमाणे करत होते. जवळ बसून, संथ, हळुवार बोलत होते. काळजी वाढली तसा आवाज आणखी मऊ झाला.

एका रविवारी आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, अजून कॉलनीतच राहते. फाटकातूनच ओरडली, “जयभीम! काऊन गा भाऊ, आमाले इसरलास काय?”

मी घाईने बाबांकडे पाहिलं. खरंच विसरले असतील तर?

“तुले इसरीन मी?” बाबा तेवढ्याच जोरात म्हणाले. “तुही म्हैस व्याली का नाई, ते सांग पहिले!”

आणि दोघं जेवणापर्यंत बोलत बसले. बोलत कसले, ओरडत. आमच्या कॉलनीत सगळेच ओरडून बोलतात. यंत्रांच्या खडखडाटात काम करून आलेली माणसं आणि त्यांची बायकापोरं. हळू बोलणाऱ्याला तिथे ताप आहे का विचारतात. मीही तशीच होते, शिकून मऊ झाले. बाबांचे कान कधी गेले, हे तिथे कुणाला कळणार होतं?

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. खाणीच्या आवाजाने कान कमजोर झालेत, यंत्र बसवू, डोकं मात्र ठणठणीत आहे, म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की दवाखान्याच्या बाकावर मी एकटीच हसत सुटले.

परतताना ऑटोत मी कॉलनीच्या जुन्या आवाजात विचारलं, “बाबा, आयकू येत नव्हतं तं सांगतलं काऊन नाई?”

“मले काय मालूम, माहे कान गेले म्हनून? मले वाटे तुलेच काही झालं. तोंड हाले अन् आवाज नाई. म्हटलं, माय गेल्यापासून पोरगी खचली. इचारलं तं रडशीन, म्हनून मी चूप राहो.”