आबांनी विणलेली शेड
रावेरच्या रस्त्याला केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपटांचा वास आला की मला आमच्या फ्लॅटची वास्तुशांत आठवते आणि मान खाली जाते. त्या दिवशी माझे वडील, आबा, असोद्याहून बसने आले ते दिव्याची एक शेड मांडीवर सांभाळत. शेतातून आल्यावर रोज दुपारी ओट्यावर बसून, सोपटाच्या दोऱ्या वळून त्यांनी ती महिनाभर विणली होती. जराशी वाकडी झाली होती. त्यांनी स्वतःच ती हॉलमध्ये टांगली आणि दिवा लावून कितीतरी वेळ खालून बघत राहिले. संध्याकाळी माझ्या साहेबांच्या पत्नी हसून म्हणाल्या, "हे काय लावलंय?" मी पटकन बोलून गेलो, "कुणीतरी दिलंय हो, उद्या काढणारच आहे." आबा माझ्या मागेच सरबताचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी बाईंच्या हातात पेला दिला. पाहुणे गेल्यावर मी हॉलमध्ये आलो, तर आबा स्टुलावर चढून शेड सोडवत होते. "उद्या तुले चढा लागीन, म्हनून मीच काढतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी खालून नुसता स्टूल धरून उभा राहिलो. आबा अजूनही येतात, जेवतात, नातवंडांशी खेळतात. पण हाताने केलेलं काही आणत नाहीत, आणि मला अजून त्यांची माफी मागता आलेली नाही.