आधी आतलं बाहेर काढ, सुमन

इकडं ये गं तब्बू, अशी जवळ सरक. कान धरणार नाही, घाबरू नकोस… पण काय गं बाई ही रीत? आईची मिट्टी झाली, तिसऱ्या दिवशी कबरीवर फुलं टाकून जियारत झाली आणि तू जी नांदेडची एसटी धरलीस, ती धरलीसच. फोन केला की म्हणतेस, "खाला, बॅच चालू आहे, संध्याकाळी करते." तुमच्या कोचिंगच्या गावात संध्याकाळ होतच नाही वाटतं. म्हणून म्हटलं, सरळ पुरवणीत लिहावं. रविवारचा पेपर तू चहाबरोबर वाचतेस हे मला ठाऊक आहे. बाकी वाचणाऱ्यांनी रागावू नये, तुम्हीही बसा. गोष्ट माझ्या मैत्रिणीची, हिच्या आईची, नसीमची आहे, आणि स्वतःबद्दल बोलणं चालू असताना भोवती गर्दी असलेली तिला फार आवडायची.

बातमी आली तेव्हा मी ओट्यावर मेथी निवडत होते. तुझे अब्बा, सफदरभाई, स्वतः दारात आले. चप्पल घातल्याशिवाय गल्लीत पाऊल न टाकणारा माणूस, अनवाणी उभा. "सुमन, हमारी नसीम गई," एवढंच म्हणाले. खरं सांगू? माझ्या तोंडून आधी रडू नाही आलं, आधी एक मोठा श्वास बाहेर पडला. सुटली बाई… शेवटच्या महिन्यांत तिच्या हाडांनी तिला जे छळलं, ते बघणाऱ्यालाच हा श्वास कळेल. रडणं नंतर, मेथी चिरताना आलं.

आम्ही दोघी एकाच गावच्या लेकी, औसा तालुक्यातल्या. दोघी लग्न होऊन लातूरला आलो, म्हणून वाचलो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव गाठलं तेव्हा गाव नव्हतंच, नुसता दगडमातीचा ढीग. ढिगारा सपाट करायला मोठं मशीन आलं होतं आणि आपल्या घराच्या जागी नसीम त्या मशीनसमोर पदर खोचून उभी राहिली. "आधी आतलं बाहेर काढा," ती ओरडली, "मग काय पाडायचं ते पाडा!" मशीनवाला थांबला. आम्ही घमेल्यानं, हातानं माती उपसली. तिच्या अम्मीची मय्यत बाहेर काढली, तेव्हा कुठं ती बाजूला झाली. घर गेलं त्याचं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. एकच म्हणायची, "अम्मीचा एक फोटो न्हाई, सुमन. आवाज तर कुठंच न्हाई."

पुढं नवं गाव वसलं, सरळ रांगांचं, घरांना नंबर दिलेलं. जुन्या गल्ल्या कुणाच्या तरी डोक्यात तेवढ्या उरल्या. नसीमचं तेव्हा लातूरला टायपिंगचं दुकान होतं. मी सातवी झालेली बाई, तिच्याकडं टायपिंग शिकले आणि तिथंच चिकटले. मग क्लासचा जमाना आला. गावोगावची पोरं लातुरात उतरायला लागली, प्रत्येक घराला वरचा मजला चढला आणि आमच्याकडं प्रश्नपत्रिकांचे ढीग. रसायनशास्त्राच्या त्या खालच्या बारीक आकड्यांनी माझे डोळे गेले बघा. पण जुन्या गावची कुणी बाई बाजाराला आली आणि दुकानात डोकावली, की नसीम हातातलं काम टाकायची. पंखा बंद करायची, रेकॉर्डर पुढं ठेवायची. "बस गं भागाबाई. तुझ्या दारातून नीघ आणि वेशीपर्यंत चालत जा. कुणाकुणाचं दार लागतं ते सांग." बाई लाजायची, हसायची आणि मग चालायला लागायची. उन्हाळ्यातसुद्धा पंखा बंद. आम्ही घामानं निथळतोय आणि भागाबाई त्या नसलेल्या गावातून चाललीय… "हितं सोनाराचा ओटा, हितं आमच्या जावेनं माझ्याशी भांडण काढलं होतं." विहाराची गल्ली, मशिदीची गल्ली, बारवेची गल्ली. अशा सगळ्या गल्ल्या नसीमनं आवाजात गोळा करून कॉम्प्युटरमध्ये ठेवल्या.

त्या कॉम्प्युटरची पण एक कथा आहे. पोरं पेनड्राइव्हमधून व्हायरस घेऊन यायची आणि आमच्या तयार प्रश्नपत्रिका साफ व्हायच्या. कंटाळून नसीमनं एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं, त्याला हे व्हायरस लागत नाहीत. आमचा जुना मराठी फॉण्ट त्यात चालेना, तर पन्नाशीला आलेली ही बाई नवा कीबोर्ड शिकली आणि मलाही शिकायला लावला. मी कुरकुर केली की म्हणायची, "बोटांना सासर बदललं म्हण, रुळतील." आणि एक गोष्ट तिनं माझ्याकडून घोटून घेतली. मशीन सुरू झालं नाही, तर ते नव्यानं बसवायच्या नादी लागायचं नाही. पेनड्राइव्हवरचं वेगळं लिनक्स असतं, त्यावरून मशीन जागं करायचं, फायली सुखरूप काढायच्या, मग दुरुस्ती. "आधी आतलं बाहेर काढ, सुमन." दुसरा नियम भूकंपाचा, तो तर तिनं अख्ख्या गल्लीकडून घोटून घेतलेला. हादरा बसला की मेन स्विच खाली, दाराशी टांगलेली पळायची पिशवी खांद्याला आणि बाहेर. त्या पिशवीत टॉर्च, घराची कागदपत्रं आणि तो पेनड्राइव्ह.

सगळ्या गल्ल्यांच्या कॉप्या दुसऱ्या डिस्कवर होत्या. एक सोडून. स्वतःची गल्ली नसीमनं शेवटाला ठेवली होती. आजारपणात दुकानातलं मशीन घरी आणलं होतं. एके दिवशी ती त्याच्यासमोर खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "तू समोर असलीस की मला रडू येतं. जा, चहा कर." दार लावून घेतलं आणि एकटीच बोलली. मग दवाखाना सुरू झाला, कॉपी काढायची राहूनच गेली. तब्बू, तू जाताना माझा हात धरून तेवढंच मागितलं होतंस ना… "खाला, मला अम्मीचं ते रेकॉर्डिंग पाठव." म्हणून तुझ्यासाठी कॉपी काढायला मी गेल्या आठवड्यात तुमच्या घरी गेले. मशीन लावलं, तर त्यानं अपडेट मागितलं. नसीम अपडेट कधी टाळायची नाही, म्हणून मीही हो म्हटलं. म्हटलं, तेवढ्यात चहा होईल.

चहा उकळायच्या आत फरशी थरथरली. कपबश्या वाजल्या. लातूरच्या माणसाच्या तळपायाला कान असतात, सांगावं लागत नाही. "हादरा!" म्हणून सफदरभाई ओरडले, मेन स्विच खाली, पिशवी खांद्याला, आणि मला दंडाला धरून रस्त्यावर. सगळी गल्ली बाहेर. कुणाच्या डोक्याला मेंदी, कुणाची अर्धी दाढी, क्लासची पोरं हातात पुस्तकं धरून. आणि समोर, नव्या होस्टेलच्या प्लॉटवर, बोअरचं मशीन धडधडत होतं. त्यावरचा माणूस आमच्याकडं बघून म्हणतो, "काय झालं हो मावशी? वरात हाय का?" गल्ली हसत हसत घरात गेली. मी मात्र मेन स्विच वर करून मशीन लावलं आणि माझं हसू जागीच राहिलं. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी, खाली एक रेघ लुकलुकत उभी. पुढं काहीच नाही. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली होती, ती नसीमनंच घोटलेल्या नियमानं.

सफदरभाईंचं तोंड एवढंसं झालं. "मैंने बंद किया ना, सुमन. तिचा आवाज मी बंद केला." मी म्हटलं, असं बोलू नका. हार्डवेअरवाल्या बालाजीला बोलावलं. चांगला जाडजूड संसारी माणूस, पण घाई फार. त्यानं झाकण उघडलं, रॅम काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. तोच काळा पडदा. "काकू, नवीन टाकून देतो. चहा पिईस्तोवर मशीन चकाचक."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल की. मशीन वाचलं ना पण!"

"मला मशीन नको रे बालाजी. मला आतलं पाहिजे."

आणि कसं सांगू तुला, नसीम पदर खोचून त्या खोलीत उभी राहिल्यासारखी झाली. मी पळायच्या पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. बोअरवाल्याला जाऊन सांगितलं, बाबा, थोडं थांबव. तो म्हणाला, "पाणीच लागंना मावशी, थांबलो तर काय बिघडतंय." सफदरभाई स्टूल घेऊन मेन स्विचजवळ राखणीला बसले. "आता खरा भूकंप आला तरी हात लावत न्हाई," म्हणाले. पेनड्राइव्हवरून मशीन जागं झालं आणि पडद्यावर दोन वाटा आल्या… नुसतं चालवून बघायचं की नव्यानं बसवायचं. दुसऱ्यावर बोट पडलं असतं आणि मी पुढं पुढं हो म्हणत गेले असते, तर नसीमची गल्ली पुन्हा एकदा सपाट. चष्मा पुसला, ओळ दोनदा वाचली आणि चालवून बघायचं निवडलं. आतली डिस्क दिसली, पण उघडेना, बिघाड आहे म्हणाली. मग आठवलं. नसीम सांगायची, जखमी डिस्कवर काही लिहायचं नाही, फक्त वाचण्यापुरती उघडायची. "नुसतं बघ, हात लावू नको." तशी उघडली. आणि 'गल्ली' नावाचा फोल्डर समोर आला. त्यात शेवटाला, 'आमची'.

बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावली. ती हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. 'आमची'पाशी येऊन थांबली… मग सरकली. सगळं आलंय का ते मी एकेक उघडून पाहिलं.

"आली?" सफदरभाईंनी स्टुलावरूनच विचारलं.

"आली."

"सगळी?"

"सगळी हो."

त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, म्हणाले, "मग चहा टाक. मघाचा तर राहूनच गेला." आणि मग दोघंही जे हसलो… रडलो म्हण हवं तर.

दुरुस्ती मग सोपीच होती, कारण भीती संपली होती. पेनड्राइव्हवरूनच डिस्कची तपासणी लावली. ती विचारत गेली, हे नीट करू का, ते नीट करू का. मी हो म्हणत गेले. मशीन परत लावताना यादीतून अपडेटच्या आधीचं जुनं लिनक्स निवडलं आणि ते उठलं! अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण केलं, मग नवंही उठलं. बालाजी म्हणाला, "काकू, दुकानावर बसता का? घरी दिसत न्हाई म्हणून बायको लई शिव्या देऊ लागलीय, मी जरा घरी बसतो."

बालाजी गेल्यावर आम्ही दोघांनी पंखा बंद केला आणि 'आमची' लावली. पहिलंच वाक्य, "सुमनला बाहेर काढलंय, आता बोलते." सफदरभाई फिसकन हसले. मग ती वेशीतून निघाली. सावकाश, आजारी आवाजात, पण पाऊल न चुकता. पिंपळ, पिठाची गिरणी, शेळ्यांचा गोठा, आमचा ओटा, जिथं बसून मी तिच्या वेण्या घालायचे. आणि मग त्यांचं दार. तिथं ती थांबली. म्हणाली, "दार उघडंच आहे. अम्मी आत आहे… दमले बाई. आत उद्या जाऊ."

तो उद्या काही आला नाही, तब्बू. पण ऐक. त्या घरात मी तिच्याएवढीच वाढलेय. चूल कुठं, रांजण कुठं, तुझी नानी कोंबड्यांना काय हाक मारायची, नसीमला काय शिव्या घालायची, सगळं माझ्याकडं आहे. त्या दारातून आत तुला मी नेऊ शकते. फक्त फोनवर नाही. समोर रेकॉर्डर ठेवून, मी बोलायचं आणि तू विचारायचं. माझंही वय झालं, आणि माझ्या आतलं बाहेर काढायला आता नसीम नाही. तेव्हा चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्याची वाट बघू नकोस, आजचीच, ह्याच रविवारची एसटी धर. खुर्ची पुसून ठेवलीय, तुझी कॉपीही तयार आहे. उकाडा आहे, पण पंखा मी आधीच बंद करून ठेवते.