बिसेन सरांची सरासरी

मास्तरांच्या खोलीत किस्से फळ्याखालच्या खडूच्या भुकटीसारखे साचतात. कोणी झाडत नाही. माझे मात्र सगळे बिसेन सरांपासूनच सुरू होतात, त्याला मी काय करू? ते गोंदिया शहरात गणित शिकवतात, मी बिरसीजवळच्या खेड्यात. दरवर्षी त्यांच्या सातवीची सरासरी आमच्यापेक्षा वर!

यंदा शिक्षणाधिकारी साहेबांनी जाहीर केलं, "ज्याचा वर्ग खरोखर पुढे, तोच जिल्ह्यातल्या शिक्षकांना गणित शिकवायला उभा राहील." तिथे उभं राहायची मला किती हौस आहे, ते माझ्या बायकोला विचारा.

*

"खरोखर" पुढे कोण, हे ठरवायला नागपूरहून संख्याशास्त्राच्या मॅडम आमच्या शाळेत आल्या. म्हणाल्या, "मुलाची क्षमता डोळ्यांना दिसत नाही. परीक्षेतल्या उत्तरांवरून तिचा अंदाज बांधायचा."

मी दोन उन्हाळे घरी बसून हाच विषय वाचलेला. छानसं उदाहरण जुळवून तोंड उघडणार, तोच बिसेन बोलले, "म्हणजे तापासारखं! ताप दिसत नाही, अंग गरम लागते."

"वा, सर!" मॅडम खूश.

माझं उदाहरण विहिरीचं होतं. पाणी दिसत नाही, पण दोर किती गेला त्यावरून कळतं. तेही काही वाईट नव्हतं!

*

दोन गटांची तुलना करताना एकाची सरासरी शून्य धरावी लागते. मॅडमनी शहराची धरली. पडद्यावर बिसेनांच्या शाळेपुढे भलंमोठं शून्य!

"आमची पोरं शून्य? काऊन?" बिसेन ताडकन उठले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून हसलो. मग खालची ओळ आली. आमची शाळा : उणे!

"मॅडम, आमची शून्य धरली तर?"

"धरू या ना. मग त्यांची अधिक होईल. अंतर तेवढंच."

बिसेन सावकाश खाली बसले. "धरा, धरा. गुरुजींची इच्छा आहे तर धरा."

*

मग प्रश्नांची तपासणी. सारख्याच क्षमतेची मुलं असूनही एखाद्या प्रश्नात एकाच गटाची मुलं चुकत असतील, तर दोष प्रश्नाचा, असं मॅडमचं म्हणणं.

एक प्रश्न होता : विमान ताशी दोनशे किलोमीटर वेगाने उडालं, तासाभराने ते किती दूर असेल?

आमच्या बहुतेक पोरांनी लिहिलं होतं, "शून्य किलोमीटर."

मॅडम चक्रावल्या. मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणालो, "आमच्याकडे शिकाऊ वैमानिकांची विमानं उडतात, मॅडम. गावावर घिरट्या घालतात अन् तिथेच उतरतात. पोरांनी दूर गेलेलं विमान पाहिलंय कुठे?"

प्रश्न बाद! अंतर घटलं. असे आणखी दोन प्रश्न गेले. बिसेनांनी चहा तसाच ठेवला. मी दुसरा मागवला.

*

शेवटी अंतर उरलं नावापुरतं. मॅडम म्हणाल्या, "एवढ्यावरून पुढे कोण, ते सांगता येणार नाही. बरं, खेड्यात राहून शहरात शिकणारं कोणी आहे का? ते कोणत्या गटात धरलंत?"

"एकच आहे," बिसेन म्हणाले. "माह्या वर्गात पहिली येते. मयूरी कटरे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कटरे गुरुजी, तुमची पोरगी यांच्या सरासरीत?"

"चांगली शाळा म्हणून घातली," मी पुटपुटलो.

"काढा तिले माह्या सरासरीतून!" बिसेन एकदम भडकले. "साहेब, मी उणे संख्या शिकवून राहिलो की ही पोरगी हात वर करते. 'सर, माह्या बाबांनं हे विहिरीवरून सांगितलं. काठ म्हणजे शून्य, खाली पाणी उणे.' मग पूर्ण वर्ग तिच्याचकडून समजून घेते! कधीपासून ऐकून राहिलो मी. या माणसाचा मले किती राग येते, तुम्हाले काय सांगू!"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मग शिक्षकांपुढे उभं कोणाला करू?"

बिसेनांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"मयूरीले बोलवा."