ज्याचं नवं वर्ष, त्याचा पाला

आज पाडवा. सकाळी आठलाच ऊन असं तापलं होतं, की अंगणात सडा टाकला तो दुसरी ओंजळ भरेपर्यंत सुकला. वारा नाही. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. अशा दिवशी जुन्या गोष्टी झाडाखालच्या पाल्यासारख्या साचतात. झाडून ढीग करावा, मागे वळून बघावं, तर पुन्हा तेवढाच पाला!

मी मूळचा सावद्याचा, केळीच्या बागांतला. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत तीस वर्षं माळी होतो. शाळा पाहिली ती तिच्या कुंपणाला मेंदी लावताना. अक्षरं उशिरा जमली, म्हणून सावकाश सांगतो. वीज करायला देशभरातली माणसं आली होती. प्रत्येकाचं नवं वर्ष वेगळं, आणि प्रत्येकाला त्या दिवशी काही ना काही पाला-फूल लागायचंच. म्हणजे सगळ्यांचं नवं वर्ष आधी माझ्या दारात यायचं!

*

आंध्रातले एक इंजिनियर नवे आले. त्यांचा उगादी आपल्या पाडव्याच्याच दिवशी. बाईंना मराठी येईना. दारात येऊन म्हणाल्या, "माळी, फूल! कडू फूल!"

कडू म्हणजे कारलं. मी शोधून शोधून कारल्याची पिवळी फुलं नेऊन दिली. बाई हसून हसून पायरीवरच बसल्या. त्यांना हवा होता कडुनिंबाचा मोहोर! तो आणून दिला, तेव्हा त्यात कैरी, चिंच, गूळ, मीठ, तिखट घालून वाटीभर मलाही प्यायला दिलं.

घरी आलो. बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. तिनं विचारलं, "काय काय व्हतं त्यात?"

"सगळं होतं," मी म्हणालो. "चहा सोडून!"

*

दवाखान्यातल्या सिस्टर केरळच्या. त्यांच्या नव्या वर्षाला बहाव्याची पिवळी फुलं लागतात. देवापुढे आरसा, फळं, फुलं मांडायची आणि घरच्यांनी डोळे मिटून तिथं यायचं. डोळे उघडल्यावर पहिलं जे दिसेल, तसं वर्ष जातं म्हणे.

मला उशीर झाला. फुलं घेऊन धावत आत शिरलो, तेवढ्यात सिस्टरचे मिस्टर भिंत चाचपत आले आणि त्यांनी डोळे उघडले. समोर मी! घामाघूम, डोक्याला फडकं!

सिस्टरनी कपाळावर हात मारला. पण त्याच वर्षी मिस्टरांना बढती मिळाली. पुढच्या वर्षी महिनाभर आधीच निरोप आला, "माळीबाबा, फुलं नाही मिळाली तरी चालेल. तुम्ही मात्र नक्की या!"

*

किराणा दुकानवाले शेठ गुजराती. त्यांचं नवं वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. मी तोरणाला आंब्याची पानं घेऊन गेलो, तर शेठ ओरडले, "साल मुबारक!"

मी दचकून पायाखाली बघितलं. सावद्याच्या माणसाला साल म्हटलं की केळीचीच आठवणार ना!

तेव्हापासून शेठ दर वर्षी म्हणायचे, "साल मुबारक, माळीदादा! सांभाळून चाला!"

*

आमच्या गल्लीत घरासमोरच रशीदभाईंचं शिलाईचं दुकान. त्यांनी माझ्याकडे कधी पाला मागितला नाही. एकदा विचारलं, "रशीदभाई, तुमचं नवं वर्ष कसं करता?"

ते म्हणाले, "आबा, आमच्या घरी नवं साल मोहरमनं सुरू होतं. गमीचा, दुखवट्याचा महिना. मुबारक काय म्हणायचं? गप बसायचं."

मागच्या पाडव्याच्या आधी महिनाभर अक्का गेली. वर्षाच्या दुखवट्यात गुढी नाही. गल्लीभर गुढ्या उभ्या, आणि माझ्या दारात काय बोलावं म्हणून कोणी येईना. रशीदभाईंनी मशीन बंद केली, येऊन पायरीवर बसले. दुपार होईतो आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

उठताना म्हणाले, "चला आबा. झालं आपलं नवं साल."

*

आता वसाहतीतले जुने साहेब कोणी बदलीनं गेले, कोणी रिटायर होऊन. निम्मी क्वार्टर्स बंद. तरी आज पहाटे सवयीनं सगळ्यांचा पाला तोडून आणला. बादलीभर. दहा वाजले, कोणी आलं नाही. म्हटलं, आपली गुढी तरी उभारू. दुखवटा संपलाय.

पण गुढी उभारणं दोन माणसांचं काम. मी घराच्या धाब्यावर चढून काठी बांधायचो, अक्का खाली गल्लीत डोळ्यांवर हात धरून उभी. मी विचारायचो, "सरळ आहे का?" ती म्हणायची, "वाकडीच शे!" तिचं माहेर पारोळ्याचं. चाळीस वर्षं इकडे राहिली, पण 'आहे'ऐवजी 'शे' म्हणणं सुटलं नाही. आमच्या गल्लीत तसं बोलणारी ती एकटीच.

आणि चाळीस वर्षांत एकदाही 'सरळ' म्हणाली नाही! एका साली मी गवंड्याचा ओळंबा लावून बघितला. काठी सुतात. तरी खालून आलंच, "वाकडीच शे!"

मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "सरळ म्हनसू ते तुम्ही खाले येशात, अन् चहा मांगशात!"

आज काठीला तिचं हिरवं लुगडं बांधलं. कडुनिंब, साखरेचे हार-कंगण, तांब्या. काठी बांधली, शिडीवरून उतरून गल्लीतून बघितलं, पुन्हा चढलो, जराशी हलवली, पुन्हा उतरलो. तिसऱ्यांदा चढलो, तो पुन्हा उतरलो नाही. तिथंच बसलो, काठीला धरून. सरळ आहे की वाकडी, वरून काही कळेना. आणि तोंडातून आपोआप गेलं, चांगलं मोठ्यानं,

"सरळ आहे का?"

खाली कोणी नव्हतं.

समोरची शिलाई मशीन थांबली. रशीदभाई गल्लीत आले. डोळ्यांवर हात धरून कितीतरी वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले,

"वाकडीच शे, आबा!"