टिटवी आणि मामांची जीप

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही, ते गाडीत बसूनच येतात. टायरवाल्याकडे येणारा माणूस घाईत असतो, इंजिनवाल्याकडे येणारा रडवेला असतो, आणि आम्हा वायरिंगवाल्यांकडे येणारा उतरता उतरताच सांगतो, "मी कशाला हात लावलेला नाही हां!" हे वाक्य ऐकलं की मी आणि लछूशेठ एकमेकांकडे बघतो. हात लागलेला असतोच!

लछूशेठ म्हणजे माझे पार्टनर. पक्के सिंधी, उल्हासनगरच्या कॅम्पातच जन्मलेले. मराठी, हिंदी आणि सिंधी अशा तीन भाषा ते एकाच वाक्यात बोलतात आणि तिन्हीत भांडतात. दुकान दोघांचं, पण नियम त्यांचे. सगळ्यात मोठा नियम त्यांनी लाल रंगात भिंतीवर लिहून ठेवलाय : 'गाडी रिकामी करून लावणे.' आधी माणसं उतरवा, सामान उतरवा, मगच ते गाडीला हात लावणार.

आणि तिसरी पार्टनर टिटवी. हे आम्ही ठेवलेलं नाव. हातात मावणारं यंत्र आहे. त्याचा एक डबा फ्यूजच्या जागी लावायचा आणि दुसरा हातात धरून वायरीवरून फिरवायचा. करंट जिथपर्यंत जातोय तिथपर्यंत ते टीट-टीट करत राहतं. जिथे गप्प बसलं, तिथे वायर सोलवटून लोखंडाला चिकटलीय असं समजायचं. पूर्वी अख्खी गाडी सोलायला लागायची, आता टिटवी सांगते आणि आम्ही फक्त टेप लावतो.

एका गाडीनं मात्र या टिटवीलाही दमवलं. ती भोईरमामांची जीप.

* * *

भोईरमामा बदलापूरच्या पुढे बारवीकडच्या गावातले. रोज सकाळी स्वतःच्या मळ्यातली भाजी जुन्या जीपमध्ये भरून उल्हासनगरच्या मार्केटला आणतात. मुलगी पुष्पा अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. तिला वाटेत सोडायचं, भाजी उतरवायची आणि मग आमच्या बाकड्यावर चहा, हा मामांचा नेम. तिची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे मामांना जगात दोनच गोष्टी, पुष्पी आणि जीप.

एक दिवस चहा न पिताच म्हणाले, "लछूशेट, पोरीचं लगीन ठरलंय. नवरा अंबरनाथचा हाय. पन पोर माजी, ती सासरी माज्याच गारीतून जाल! तवा हॉरनचं तेवढं बगा. पुष्पी मागं बसली का आपोआप कोकलतंय."

"आणि दुसरं कोण बसलं तर?"

"दुसरं कोन बसतंय? मागं भाजी असतंय, आन एका कोपऱ्यात पुष्पी."

लछूशेठनी जीप रिकामी केली, टिटवी लावली, पुढून मागे आणि मागून पुढे फिरवली. टीट-टीट-टीट, कुठेही खंड नाही. हॉर्न दाबला की वाजतो, सोडला की गप्प. चावी काढली तरी वाजतो, पण ती जुन्या जीपची जुनीच खोड.

"मामा, साईं, गाडीला काय समजते पुष्पी कोण आणि गोबी कोण? गाडी एकदम चोख आहे!"

मामा मान हलवत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. लग्न जवळ येत होतं आणि हॉर्न वाजतच होता!

* * *

मधल्या काळात बाकीचं जग थांबलं नव्हतं. एक कापडवाले शेठजी नवीकोरी स्कूटर घेऊन आले. ब्रेक मारला की फ्यूज उडायचा. टिटवी हँडलपासून टीट-टीट करत आली आणि मागच्या मडगार्डवर गप्प झाली. तिथे नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधलेली. दोरा तुटतो म्हणून शेठजींनी ती लोखंडी तारेत ओवलेली, आणि ती तार ब्रेकच्या वायरीत शिरलेली!

मी पक्कड घेतली, तसे शेठजी आडवे आले. "मिरचीला हात लावायचा नाही!"

"अहो, मग ब्रेकलाइट लागणार नाही."

शेठजींनी बराच विचार केला. मग म्हणाले, "ब्रेकलाइट काढून टाका."

* * *

शहाडचा एक रिक्षावाला. त्याच्या रिक्षात मीटर सोडून सगळं वाजायचं आणि सगळं लुकलुकायचं. तक्रार अशी, की उजवीकडचा इंडिकेटर दिला की गाणं बंद पडतं. मी सीटखालचं झाकण उघडलं आणि बघतच राहिलो. सगळ्या वायरी पिवळ्या! हेडलाइटची पिवळी, हॉर्नची पिवळी, स्पीकरची पिवळी. सगळं काम त्यानं स्वतः केलेलं.

"अरे भावा, लाल-काळी वापरतात ना वायर? कोणती कुठली हे तुला तरी कळतं का?"

त्यानं अभिमानानं सांगितलं, "आमचं कुलदैवत जेजुरी. भंडाऱ्याचा रंग आहे, साहेब!"

लछूशेठनी टिटवी खाली ठेवली, रिक्षाला दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि मला म्हणाले, "सुन्या, झाकण लाव. हे वरूनच चालतंय."

* * *

त्याच पावसाळ्यात नदीचं पाणी बदलापूरच्या मांजर्लीत शिरलं आणि आमच्या गल्लीत चिखलाच्या गाड्यांची रांग लागली होती. त्यात क्लास घेणाऱ्या एका सरांची कार. लछूशेठ डॅशबोर्डखाली आडवे झाले. टिटवी एका कोपऱ्यात गप्प झाली म्हणून त्यांनी आत हात घातला आणि अशी बोंब ठोकली, की समोरचा चहावाला धावत आला.

सर घाबरले. "करंट लागला का हो?"

"बारा व्होल्टचा करंट लागत नाही, सर," मी धीर दिला.

"अरे चरियो, चावतंय!" लछूशेठ आतून ओरडले.

चरियो म्हणजे वेडा. दुकानात दिवसातून कितीदा तरी मला हा मान मिळतो. भोईरमामा बाकड्यावरच होते. ते शांतपणे उठले, आत हात घातला आणि एक चांगला तळहाताएवढा काळा खेकडा बाहेर काढला. सर दोन पावलं मागे सरकले. मामांनी खेकडा उलटासुलटा करून पाहिला, पुन्हा डॅशबोर्डखाली वाकून बघितलं आणि जरा नाराजीनं विचारलं, "एकच हाय?"

* * *

एकदा टिटवीचा अर्धा भागच हरवला. म्हणजे फ्यूजच्या जागी लावायचा डबा एका पांढऱ्या कारमध्ये तसाच राहिला आणि कार निघून गेली! लछूशेठनी हातातला भाग घेतला, माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि हुकूम सोडला, "चल!"

कार सिग्नलला सापडेल या आशेवर आम्ही निघालो. पुढच्या चौकात पांढऱ्या कारचा सुकाळ! लछूशेठ उतरले आणि एकेका गाडीच्या बॉनेटला टिटवी लावून कान देऊन ऐकायला लागले. अंगात पांढरा सफारी सूट, हातात यंत्र, चेहरा गंभीर. तिसऱ्या गाडीपर्यंत पोचले तोवर मागच्या सगळ्यांनी आपापले पीयूसीचे कागद काढून खिडकीबाहेर धरले होते!

लछूशेठनी दोन कागद तपासले. एकाला तर दमही दिला, "संपत आलंय हां!" कार काही सापडली नाही. संध्याकाळी त्या माणसानंच डबा परत आणून दिला आणि म्हणाला, "हे तुमचं काहीतरी सारखं चिवचिवतंय."

* * *

पण मामांची जीप! लग्न तोंडावर आलं तशी मामांची झोप उडाली. "वऱ्हाडापुढं हॉरन अडकला तं काय सांगू? पावने हसतील. पोरगी रडत असल आन ही टवळी कोकलत असल!" आम्ही हॉर्न बदलला, बटण बदललं, रिले बदलला. तरी सकाळी मामा यायचे ते डोक्याला हात लावूनच.

शेवटी एका रविवारी ते पुष्पाला घेऊनच आले. ती हसतमुख मुलगी उतरली आणि म्हणाली, "लछूकाका, मी बसते मागे, तुम्ही बघा."

"बेटा, नियम म्हणजे नियम," लछूशेठनी भिंतीकडे बोट दाखवलं. पुष्पाला बाकड्यावर बसवलं, वर चहा-खारी दिली. आणि रिकाम्या जीपवर संध्याकाळपर्यंत टिटवी फिरवली! टीट-टीट-टीट. लछूशेठनी जाहीर केलं, "गाडी ओके. वहम आहे."

मला अजून त्या दिवसाचं हसू येतं. दुखणं बाकड्यावर खारी खात बसलं होतं आणि आम्ही दवाखाना चालवत होतो!

* * *

लग्न झकास झालं. दुपार उतरली आणि पाठवणीची वेळ आली. झेंडूनं सजवलेली जीप मांडवासमोर उभी. बायकांनी डोळ्याला पदर लावले, बँडवाल्यांनीसुद्धा रडकं गाणं धरलं. मामा ताठ उभे राहून जीपवरचे झेंडू उगाचच नीट करत होते. पुष्पा त्यांच्या गळ्यात पडून खूप रडली. मग कशीबशी जीपमध्ये चढून आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात बसली. सोबतीला जाणारी तिची चांगली भरभक्कम मावशी तिला खेटून बसली.

आणि हॉर्न सुरू झाला. पोंऽऽऽऽ!

बँड थांबला. रडणं थांबलं. पुष्पा दचकून उठली, तसा हॉर्न गप्प. बसली, पोंऽऽऽ! नवरदेव नव्या सासऱ्याकडे बघायला लागला. मामांना ज्याची भीती होती तेच झालं होतं, तेही अख्ख्या गावासमोर.

लछूशेठ लग्नालाही टिटवी खिशात घालून आले होते! सफारीची पर्वा न करता ते जीपखाली शिरले आणि ओरडले, "बेटा, उठायचं नाही!" आयुष्यात पहिल्यांदा ते भरलेली गाडी तपासत होते. टीट-टीट-टीट, आणि बरोबर पुष्पाच्या सीटखाली टिटवी गप्प. हात घालून त्यांनी एक जुनी वायर ओढून दाखवली. टोक उघडं. सीट दबली की ते खालच्या लोखंडाला टेकायचं आणि हॉर्न वाजायचा.

"ही वायर इथे कुठल्या शहाण्याने कोंबली?"

पुष्पाच मुंडावळ्या बाजूला सारून म्हणाली, "बाबा, ते माझं बटण!"

मग सगळं निघालं. पूर्वी मामा या जीपमधून पॅसेंजर नेत. मागच्यांना उतरायचं असलं तर हॉर्न वाजवता यावा म्हणून त्यांनी मागेही एक बटण बसवलं होतं. चिमुरडी पुष्पी त्याच कोपऱ्यात बसून गावापासून बदलापूरपर्यंत ते दाबत राहायची. एक दिवस वैतागून मामांनी बटण उपटलं, वायरीला चिंधी गुंडाळली, ती सीटखाली कोंबली आणि पार विसरून गेले. चिंधी आता कुजली होती.

मामांनी कपाळावर हात मारला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते बघून पुष्पाही रडायची थांबून हसायला लागली. लछूशेठनी टेप काढली. मामांनी त्यांचा हात धरला. "नको, लछूशेट. ऱ्हाव दे. वाजू दे!"

वरात तशीच निघाली. मामा चालवतायत, हॉर्न बोंबलतोय, नवरदेव कानांत बोटं घालून बसलाय. मोठा खड्डा आला की सीट उचलायची आणि क्षणभर शांतता. खड्ड्यांचा त्या दिवशी मोठा आधार वाटला. अंबरनाथला सासरच्यांना म्हणे वरात दिसायच्या कितीतरी आधी ऐकू आली!

* * *

लग्नानंतरही मामा रोज येत. जीप समोर गल्लीत लावायची, बाकड्यावर बसायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. भाजीच्या टोपल्या आता पुष्पाच्या कोपऱ्यातही ठेवता आल्या असत्या, पण ते ठेवत नसत. लछूशेठ अधूनमधून विचारत, "मामा, लावू का टेप?" मामा मानेनंच नको म्हणत. चहा निवून जाई आणि ते तसाच पीत.

परवाची गोष्ट. मार्केट आटोपलेलं, गल्ली तापलेली. लछूशेठ एका बाइकशी भांडत होते. मामा आमच्याकडे तोंड करून बाकड्यावर बसलेले, चहाचा पहिला घोट घेतलेला. जीप त्यांच्या पाठीमागे, चावी त्यांच्या खिशात.

पोंऽऽऽ!

लछूशेठनी मान वर केली. मीही बघायला लागलो. मामा मात्र वळले नाहीत. कप ओठांशी धरून नुसते ऐकत राहिले.

पों. पों-पों. पोंऽऽऽऽ!

मामांनी कप माझ्या हातात कोंबला, तो निम्मा माझ्या शर्टावर सांडला. चपला बाकड्याखालीच राहिल्या. म्हातारा माणूस उन्हात अनवाणी धावत सुटला, ओरडत, "आयली रं आयली, माजी पोर आयली!"