बुधाजीभावजींनी गाडीची पाठ उचलली

लालबागच्या आमच्या चाळीत गाडीवाला एकच, बुधाजी परब, आम्हा बायकांचे भावजी. गाडी म्हणजे लष्कराच्या भंगारातली पिकअप. पुढे ड्रायव्हरची खोली, मागे उघडा हौदा. भायखळ्याच्या मंडईतून कांदे-बटाटे वाहून वाहून तिचे मागचे पाटे बसले होते. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडाच्या वाकड्या पट्ट्या. गाडीचा भार त्यांच्यावर झुलतो. ते बसले की गाडीचं ढुंगण खाली आणि तोंड आभाळाकडे. भावजींची बायको सुंदराबाई म्हणायची, "गाडी कसली, रवंथ करत बसलेली म्हस हा ती."

संयुक्त महाराष्ट्रासाठी हीच म्हैस सगळी वर्षं धावली. मोर्च्याला बायका न्यायच्या, सभेला कर्णे न्यायचे, लाठी खाल्लेल्यांना परळच्या इस्पितळात पोचवायचं. भावजी स्वतः कधी घोषणा द्यायचे नाहीत. म्हणायचे, "मी बोंबलत रवलंय तर गाडी कोण चालवतलो?"

साठ साली राज्य मिळालं, गल्लीत मिरवणूक ठरली, आणि या माणसानं जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मिरवणुकीत पहिली गाडी माझी.

गल्लीच्या समितीचे अध्यक्ष जयवंतराव. मोर्च्याच्या दिवशी त्यांना हमखास ताप चढायचा, सभेच्या दिवशी उतरायचा. ते गाडीभोवती फिरले, नाक मुरडलं.

"बुधाजी, नव्या राज्याची पहिली गाडी अशी बसकी? त्यापेक्षा वसंतशेठची लॉरी सांगतो."

"रविवारपर्यंत उभी करतंय. नाय झाली तर सांगा लॉरी."

"बघ बाबा. आणि हौद्यात मी आणि हारवाला, बास. बायका मागून चालतील. त्यांना सवय आहे."

शनिवारी भावजींनी अंगणातच काम काढलं. हत्यारं काय, तर एक जॅक, दोन पाने, हातोडा आणि पान्याची दांडी लांब करायला नळाचा तुकडा. मोडीत निघालेल्या लॉरीचे दोन जाडजूड पाटे मिळवले होते, दोन्ही बाजूंना एकेक घालायला. पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकनं मागची बाजू उचलली. पण भावजी गाडीखाली काही शिरेनात.

"वयनी, जॅक म्हणजे पावणो. कधी उठान जायत, सांगूक येणा नाय. ठोकळे व्हये," ते मला म्हणाले.

ठोकळे होते, पण गणपतीच्या मांडवाचे. ते सांभाळायचे कोंडीराम. ते हात जोडून आडवे आले.

"देवाचे ठोकळे गाडीखाली? देव काय म्हणेल?"

"देव मे महिन्यात खंय इलो?" सुंदराबाई म्हणाली. "भाद्रपदात इल्यावर सांगू. काढा ठोकळे!"

ठोकळे लागले. चाकं निघाली. पाटे आवळणारे बोल्ट गंजून बसलेले, म्हणून घराघरातनं स्टोव्हमधलं रॉकेल आलं. रॉकेलबरोबर सल्लाही आला. जन्मभर गिरणीत कापडाचे साचे चालवलेली माणसं गॅलरीतून सांगत होती, "बुधाजी, उलटा पिळ!" भावजी निमूटपणे सुलटा पिळत होते. एकेक बाजू खोलून नवा पाटा आत बसवला, सगळी चवड पुन्हा आवळली. दिवेलागणीला चाकं जमिनीवर टेकली.

गाडी उभी राहिली. अंमळ जास्तच उभी राहिली. मागची बाजू वर, नाक खाली, नमस्काराला वाकलेल्या नव्या सुनेसारखी. झालं होतं असं, की भावजींनी अंदाज धरला तो कांद्याच्या पोत्यांचा. रिकामी गाडी त्यांच्या हिशेबातच नव्हती.

जयवंतराव मात्र खूश. "वा! गाडीसुद्धा जनतेला वंदन करतेय!"

रविवारी ते फेटा बांधून हौद्यात चढले. तुतारी वाजली, गाडी हलली, आणि अध्यक्ष हौद्याच्या उतारावरून घसरत ड्रायव्हरच्या खोलीवर जाऊन आपटले. हार डोळ्यांवर. लोक हसायला लागले.

"बुधाजी, गाडी नीट चालव!"

"गाडी नीट हा, साहेब. वजन नाय."

"वसंतशेठची लॉरी आणा रे!"

भावजी खाली उतरले. पुन्हा पाटे खोलायला वेळ कुठला? नुसते चाकाला हात लावून उभे राहिले. त्या माणसाचा तसा चेहरा मी लाठीमाराच्या दिवशीही पाहिला नव्हता.

सुंदराबाईनं तो पाहिला. पदर खोचला.

"पोतीच व्हयी ना? चला गो, बटाटे व्हा!"

आणि चढली. पाठोपाठ मी, मग शेजारची कौसल्या, मग मोर्च्याला जाणाऱ्या झाडून सगळ्या. एकेक बाई वर आली की गाडी मागून जराशी बसायची, आणि जयवंतराव जरासे सरळ व्हायचे. शेवटी तेच ओरडायला लागले, "अजून दोघी! त्या रखमाबाईंना घ्या, त्या भरदार आहेत!"

"भरदार तुझी आवस," रखमानं त्यांची आई काढली, पण चढली.

गाडी मागेपुढे सारखी झाली. मिरवणूक निघाली, आमची गाडी सगळ्यांच्या पुढे. नाक्यावर फुगडी घालायला आम्ही उतरू लागलो, तर अध्यक्षांनी हातच जोडले. "बायांनो, कोणी उतरू नका!" गाडीच्या वंदनापेक्षा ते जास्त वाकले.

आणि मग ड्रायव्हरच्या खोलीतून आवाज आला. "संयुक्त महाराष्ट्राचा विजय असो!" भावजी! मान बाहेर काढून, गळ्याच्या शिरा ताणून. गाडी एक आचका देऊन बंद पडली.

"अहो," सुंदराबाईनं वरून टप थोपटलं, "तुम्ही बोंबलत रवलास तर गाडी कोण चालवतलो?"